चालू डेली नीड्सचं (दूध-किराण्याचं) दुकान विकत घेतोय (नागपूर) : बयाना देण्याआधी काय काय बघू?

रिंगरोड_वाला · ९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मंडळी, हिंगणा एमआयडीसीतली नोकरी ऑगस्टमध्ये गेली. बारा वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यामुळे माल मोजणं आणि रजिस्टर लिहिणं एवढं येतं. दुकानदारी कधी केली नाही. पीएफ वगैरे मिळून हातात साधारण अकरा लाख आहेत.

प्रतापनगरकडे एक डेली नीड्स विकायला आहे. दोनशे चाळीस फूट, कोपऱ्याचं, समोर दोन मोठ्या फ्लॅट स्कीम. मालक नऊ वर्षांपासून चालवतो. मुलगा पुण्यात लागला, म्हणून नवरा-बायको तिकडे जाणार म्हणतात. मागणी चौदा लाख : माल पाच, फर्निचर-फ्रीज-कॉम्प्युटर साडेतीन, गुडविल (दुकानाच्या नावाचे आणि बसलेल्या गिऱ्हाइकीचे) साडेपाच. रोजची विक्री अठरा हजार सांगतो, मार्जिन 'सरासरी वीस टक्के'. किराया सोळा हजार, अनामत एक लाख वेगळी. मोबाइलवर ऑक्टोबरचं यूपीआय स्टेटमेंट दाखवलं, आकडा बघून मी गारच झालो. शुक्रवारपर्यंत एक लाख बयाना द्या, दुसरी पार्टी तयार आहे, असं म्हणणं आहे.

बायको म्हणते, चौदा लाखांत तर आपण नवीन दुकान टाकू. तिचं बरोबर आहे का? आणि काय बघू, कोणाला विचारू?

सावजी_रस्सा · ९ नोव्हेंबर, रात्री ११:२४

दुसरी पार्टी नागपुरात प्रत्येक प्लॉटला, प्रत्येक सेकंडहँड गाडीला आणि प्रत्येक दुकानाला असते. तिला आजपर्यंत कोणी पाहिलं नाही. शुक्रवार जाऊ द्या.

मस्कासाथ · १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

भाऊ, दिवाळी कोणत्या महिन्यात होती? ऑक्टोबरात. मंग ऑक्टोबरचंच स्टेटमेंट काहून दाखवून राहिला तो? त्याला मे महिन्याचं माग. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रं नसते, स्कीमवाले गावाला गेलेले असतात, आणि फ्रीज मात्र रात्रंदिवस चालू. मेचा गल्ला आणि मेचं लाइटबिल, दोन्ही सोबत ठेवून पाहा.

मी इतवारीत चाळीस वर्षं किराण्याचं होलसेल केलं, आता पोरगा पाहते. दुकानदार बुडून राहिला हे आमच्यासारख्याला त्याच्या बायकोच्या आधी समजते. आधी साबणाची पेटी उचलणारा डझनावर येते. मंग म्हणते, "या हप्त्यात राहू द्या काकाजी." तिसऱ्या महिन्यात आमचा पोरगा त्याला उधार देणं बंद करते, नगद दे आणि माल घे. म्हणून विकणाऱ्याला कारण विचारू नका, तो पुणेच सांगीन. त्याच्या लाइनवर येणाऱ्या सेल्समनला गाठा. चहा पाजा. तीन गोष्टी विचारा : माल किती दिवसांनी उचलते, पेटी घेते की सुटा, आणि बिल उधार होते की नगद.

दुसरं काम. चार दिवस पहाटे साडेपाचला त्या दुकानासमोर जाऊन उभे राहा आणि दुधाचे कॅरेट मोजा. किती उतरले आणि आठ वाजता किती उरले. गल्ल्यात खिशातले पैसे टाकून विक्री वाढवता येते, यूपीआयवर भावाकडून दहा वेळा पैसे मागवता येतात. दूध मात्र संध्याकाळपर्यंत विकावं लागते, नाही तं नासते.

दुकानदारीण · १० नोव्हेंबर, दुपारी २:१५

दुपारची गिऱ्हाइकी नाही, तेवढ्यात लिहून घेते.

आम्ही २०१७ च्या फेब्रुवारीत नंदनवनकडे असंच चालू दुकान घेतलं. माल सव्वातीन लाखांचा सांगितला होता. एका रविवारी दुपारी मोजायला बसलो, विकणारे काका स्वतः नाव आणि किंमत सांगत होते, माझे मिस्टर लिहीत होते, मी चहा करत होते. चूक तिथेच झाली. मोजणारा तो आणि लिहिणारे आम्ही! शिवाय किंमत सांगत होते एमआरपी. म्हणजे जो नफा आम्ही अजून कमवायचा होता, तोही त्यांना आधीच देऊन बसलो.

घेतल्यावर पंधरा दिवसांनी मसाल्याच्या रॅकमध्ये हात घातला. पुढची ओळ ताजी, चकचकीत. मागच्या तीन ओळी २०१५ च्या. पाकिटांचा रंग उन्हानं उडालेला, म्हणून ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवलेली. बेसनात जाळं, रव्यात टोके. गव्हाच्या पोत्यांच्या थप्पीमागे घुशीनं बीळ केलेलं आणि खालची दोन पोती तळाशी रिकामी, वरून एकदम टाइट. डिस्ट्रिब्युटरला एक्सपायरी परत करायला गेलो तर म्हणाला, वहिनी, बिल तुमच्या नावाचं नाही, मी कसा घेऊ? सगळं मिळून लाखाच्या वर माल कचऱ्यात गेला. जुलैत जीएसटी आला, ते आणखी वेगळं.

म्हणून माल दुकान बंद झाल्यावर रात्री मोजा. मोजणारं माणूस तुमचं असू द्या, रॅक पूर्ण रिकामा करून खालून वर मोजा. भाव खरेदी बिलाचा लावा, बिल नसेल तर तो माल घेऊच नका. ज्याची तारीख तीन महिन्यांच्या आत संपते तो निम्म्या भावात किंवा त्यालाच परत.

सध्या एक सोपी खूणही आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले, साबण-शाम्पू-टूथपेस्ट अठरावरून पाचवर आले. ज्या वस्तूवर अजून जुनी छापील किंमत आहे ती बहुतेक दर उतरायच्या आधीपासून तिथे पडून आहे. साबणासारखी वस्तू दोन-दोन महिने पडून असेल तर रोज अठरा हजार कशाचे होतात?

आणि हो, वीस टक्के मार्जिन डेली नीड्सला मी तरी पाहिलं नाही. खुलं धान्य, ड्रायफ्रूट, गिफ्टचा माल यात सुटते थोडं. दुधात लिटरमागे दोन-अडीच रुपये. बिस्किट, साबण, तेल धरून आमच्याकडे सरासरी अकरा-बाराच्या वर कधी गेलं नाही.

रिंगरोड_वाला · १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

काकाजी, ताई, मनापासून धन्यवाद. शुक्रवारचा बयाना टाळला. "गावाकडून पैसे यायचे आहेत" म्हणालो. उद्यापासून पहाटे जातो.

हिशोबनीस · १० नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे माझं लक्ष वेगळ्या आकड्याकडे गेलं. रोज अठरा हजार म्हणजे महिन्याला पाच लाख चाळीस हजार, वर्षाला जवळजवळ पासष्ट लाख. मालाच्या धंद्यात चाळीस लाखांच्या वर गेलं की जीएसटी नोंदणी लागते. त्याच्याकडे आहे का? दुकानाच्या बोर्डावर नंबर असायला हवा. तो नंबर जीएसटी पोर्टलवर टाका. लॉगिन लागत नाही, नोंदणी चालू की रद्द, कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठी विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायची सोय) की नियमित, रिटर्न कधी कधी भरले, सगळं दिसतं. उलाढालीचा खरा आकडा तिथे दिसणार नाही, तो त्याच्याकडून मागा. कंपोझिशन असेल तर वार्षिक जीएसटीआर-४, नियमित असेल तर जीएसटीआर-३बी.

तो बहुतेक म्हणेल, "कागदावर कमी दाखवतो, सगळेच दाखवतात." मग हसून उठायचं नाही, तिथेच विचार करायचा. कागद खरा असेल तर तोंड खोटं, म्हणजे विक्री तेवढी नाहीच. तोंड खरं असेल तर कर बुडवलेला आहे, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा विकत घेणारा हा विकणाऱ्याच्या हस्तांतरापर्यंतच्या कर, व्याज आणि दंडाला त्याच्याबरोबरीनं जबाबदार असतो. तो पुण्याला गेल्यावर नोटीस घेऊन माणूस कोणत्या दुकानात येणार?

त्याचा जीएसटी नंबर तुम्हाला वापरता येत नाही, तो पॅनशी बांधलेला असतो, तुम्ही नवीन घ्यायचा. फूड लायसन्सही तसंच, तुमच्या नावानं नवीन. गुमास्ता, व्यवसाय कर, ही किरकोळ कामं आहेत, आठवड्याभरात होतात, त्यात जीव घालू नका.

एक कमी माहिती असलेली गोष्ट : घरमालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुम्ही नियमित नोंदणीत असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या किरायावर अठरा टक्के कर तुम्हालाच भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, पण आधी रोख जाते. कंपोझिशनवाल्यांना यातून नंतर सूट मिळाली. डेली नीड्सला कंपोझिशनच बरं पडतं, करपात्र विक्रीवर एक टक्का आणि विषय संपला.

सावजी_रस्सा · १० नोव्हेंबर, रात्री १०:४१

आता कळलं मी नोकरी का सोडत नाही.

काळा_कोट · ११ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

सगळे मालावर बोलत आहेत. भाऊ, तुम्ही एकच गोष्ट सांगितली नाही : दुकानाची जागा त्याची आहे की तो किरायेदार आहे? किराया सोळा हजार लिहिलाय म्हणजे किरायेदारच. मग साडेपाच लाखांचं गुडविल तो ज्या जागेवर मागतो आहे ती जागा दुसऱ्याची आहे. उद्या घरमालकानं "मी तुम्हाला ओळखत नाही" म्हटलं तर तुमच्या हातात काय राहतं? फ्रीज आणि बिस्किटं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (अमलात आला ३१ मार्च २००० ला, त्याआधी आपल्या विदर्भात सीपी अँड बेरारचा १९४९ चा आदेश चालायचा) सांगतो की करारात तशी मुभा नसेल तर किरायेदाराला जागा दुसऱ्याला देता येत नाही. दिली तर घरमालकाला खाली करून घेण्याचं कारण मिळतं. त्यामुळे विकणाऱ्याशी दर ठरवायच्या आधी घरमालकाकडे जा. सध्याचा करार मागा, तारीख बघा. महाल-इतवारीत अजून पगडीची दुकानं आहेत, तिथे हा विषय आणखी किचकट होतो. तुमच्या भागात बहुतेक लीव्ह अँड लायसन्स असेल. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज डोक्यातून काढा, महाराष्ट्रात तोही नोंदवावाच लागतो. खर्च फार नाही : एकूण किरायावर पाव टक्का मुद्रांक आणि एक हजार नोंदणी फी.

घरमालक खरा कोण, यासाठी सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा) काढा. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर लीज चालू आहे का, लेआउट गुंठेवारीतला असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का, निवासी प्लॉटवर दुकान काढलंय का, तेही बघा. मनपाच्या मार्केटमधला गाळा असता तर मी म्हटलं असतं की मनपाच्या लेखी परवानगीशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि करारात एक वाक्य विसरू नका. विकणारा अमुक वर्षं, अमुक अंतरात हाच धंदा करणार नाही. एरवी अशी अट टिकत नाही, पण गुडविल विकलेलं असेल तर करार कायद्याच्या कलम २७ मध्येच तिला अपवाद आहे. म्हणून गुडविलची रक्कम कागदावर वेगळी लिहा. नाही तर पुण्याला जाणारा माणूस पुढच्या गल्लीत नवीन बोर्ड लावतो आणि जुनी गिऱ्हाइकं 'काका, इकडे आलात का' म्हणत तिकडे वळतात.

मोरभवन · ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

इलेक्ट्रिकचा ठेकेदार आहे. मीटर बघा. नागपुरात घराच्या पुढच्या खोलीत काढलेल्या किती तरी दुकानांना घरगुती मीटरवरूनच लाइट दिलेली असते. सापडलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. बिलावर वापराचा प्रकार छापलेला असतो, वाचायला दहा सेकंद लागतात. मंजूर भारही बघा, तीन फ्रीज आणि एक एसी असेल तर एक-दोन किलोवॅटवर भागत नाही. थकबाकीचंही बघून घ्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियमात तशी तरतूद असेल तर जुन्याची थकबाकी जागा घेणाऱ्या नव्या मालकाकडून वसूल करता येते. तुम्ही किरायानं घेताय, पण "तो बाकी भरून गेला" हे बिलावर शून्य दिसल्याशिवाय मानू नका.

उत्तर_नागपूर · १२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

पावसाचंही बघा भाऊ. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीचं पाणी सीताबर्डीच्या तळघरातल्या दुकानांत शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण बाकी भागात दुसरीच पंचाईत आहे. सिमेंटचे रस्ते झाले, रस्ता वर आला आणि दुकान खाली राहिलं. भिंतीवर खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर पिवळी रेघ दिसते का, रॅकचे पाय गंजलेत का, पोती लाकडी फळ्यांवर ठेवलीत का ते बघा. दुकानदार हौस म्हणून फळ्या टाकत नाही.

रस्त्याचं म्हणाल तर मनपात आणि डीपी प्लॅनमध्ये (शहराच्या विकास आराखड्यात) रुंदीकरण आहे का विचारून घ्या. महालात केळीबाग रोडवाल्यांना विचारा, किती वर्षं टांगणीला लागले. उड्डाणपुलाचं काम दुकानासमोर आलं की समोरची स्कीम नकाशावर समोर राहते, पण गिऱ्हाईक रस्ता ओलांडत नाही. आमच्याकडे इंदोरा ते दिघोरीचं काम सुरू झाल्यापासून हे रोज पाहतोय.

रिंगरोड_वाला · १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पाच दिवस पहाटे गेलो. आता सगळं सांगतो.

रोज पाच कॅरेट उतरतात, विकणारा म्हणाला तेवढीच. मी खूश. पण तिसऱ्या दिवशी साडेसहाला एक ई-रिक्षा आली आणि दोन कॅरेट, दहीच्या दोन बादल्या, तेलाचे दोन डबे घेऊन गेली. चौथ्या दिवशी पुन्हा. मी स्कूटरनं मागे गेलो (बायकोला सांगितलं नाही, हसली असती). माल गेला त्रिमूर्तीनगरातल्या पोरांच्या मेसवर. बाहेर बसलेल्या पोराला विचारलं, मेस कोणाची? विकणाऱ्याच्या साळ्याची निघाली.

म्हणजे रोजच्या अठरातले साडेचार हजार मेसचे, तेही जवळजवळ खरेदीच्या भावात. काउंटरची विक्री साडेतेरा. दुकान माझं झाल्यावर साळा माझ्याकडून कशाला घेईल?

काकाजी, सेल्समनही भेटला. बिस्किटवाला. चहा नको म्हणाला, खर्रा घेतला. उधार चालू आहे, बिलं वेळेवर मिळतात, माणूस चांगला आहे म्हणाला. पण वर्षभरापासून नवीन वस्तू ठेवत नाही, "आता काय करायचं" म्हणतो. म्हणजे बुडालेला नाही, थकलेला आहे. हे मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला. कंपोझिशन, रिटर्न वेळेवर. जीएसटीआर-४ मागितला तर आधी कुरकुर, मग दाखवला. वर्षाची उलाढाल त्रेचाळीस लाखांच्या आसपास. हिशोबनीस भाऊ, तुम्ही म्हणालात तेच वाक्य त्यानं शब्दशः म्हटलं!

हिशोबनीस · १६ नोव्हेंबर, रात्री १०:२२

त्रेचाळीस भागिले तीनशे साठ म्हणजे रोजचे बारा हजार. तुम्ही काढलेल्या साडेतेराच्या हे बरंच जवळ आहे. कागद तोंडापेक्षा खरा निघाला. भाव याच आकड्यावर करा.

दुकानदारीण · १७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

साडेतेरा धरून हिशोब मांडते. महिन्याला चार लाख पाच हजार विक्री. बारा टक्क्यांनी साडेअठ्ठेचाळीस हजार. किराया सोळा, लाइट सात, पोऱ्या नऊ. उरले साडेसोळा. चौदा लाख टाकून महिन्याला साडेसोळा, आणि सकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा उभं राहायचं. यात तुमचा आणि वहिनींचा पगार धरलेलाच नाही.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. नवीन दुकान टाकलं तर पहिलं वर्ष बसूनच काढावं लागतं, लोक येतात, बघतात, जातात. आमच्या बहिणीला चौदा महिने लागले किराया निघायला. मी गुडविल असं मोजते : नवीन दुकान किती महिने घरातून किराया भरायला लावेल, तेवढे महिने गुणिले किराया. तुमच्या जागी आठ-नऊ महिने धरले तर सव्वा ते दीड लाख. साडेपाच नाही.

सावजी_रस्सा · १७ नोव्हेंबर, दुपारी ३:१८

ताई, तुमचं दुकान विकायचं असेल तेव्हा हा धागा डिलीट करा.

रिंगरोड_वाला · २३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

घरमालकांकडे गेलो. दोन भाऊ आहेत. आखीव पत्रिकेवर अजून वारलेल्या वडिलांचं नाव. करार मार्चमध्येच संपलेला, तेव्हापासून तोंडी चालू आहे. मोठे भाऊ सभ्य आहेत, पाणी-चहा सगळं झालं, मग म्हणाले, "सोळा हजार त्यांच्यासाठी होता. नवीन माणसाला बावीस." विकणाऱ्यानं हे मला सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं त्याला माहीत होतं.

मीटर घरगुती. मोरभवन भाऊ, दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

काल रात्री माल मोजला. दुकान साडेदहाला बंद झालं, मी, बायको आणि तिचा भाऊ, पहाटे तीनपर्यंत. बारा वर्षं हेच काम केलं असल्यानं इथे मला कोणी फसवू शकलं नसतं. रॅकला नंबर टाकले, प्रत्येक रॅकचा कागद वेगळा, बायको बोलायची, तिचा भाऊ पुन्हा मोजायचा, मी लिहायचो. खरेदीच्या भावानं चालू माल निघाला दोन लाख नव्वद हजार. पाच नाही. जुन्या छापील किमतीचे साबण-शाम्पू वेगळे काढले, त्यांचा ढीग बघून विकणारी बाई स्वतःच म्हणाली, "अहो, एवढे होते का आपल्याकडे?" तीन फ्रीजपैकी दोन कंपन्यांचे, आत स्टिकरवर मालमत्ता नंबर. तेही त्यानं साडेतीन लाखांत धरले होते. आणि गणपतीच्या कॅलेंडरमागे भिंतीवर रंगवलेली पाटी सापडली, 'दुकानातील माल अमुक बँकेकडे तारण'. नाव अर्धवट पुसलेलं.

काळा_कोट · २४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

पाटी सापडली हे फार बरं झालं. तारण माल बँकेच्या संमतीशिवाय विकता येत नाही. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नो ड्यूज पत्र आणा, मूळ प्रत, बँकेत स्वतः जाऊन खातरजमा करून. फिटलं नसेल तर तुमच्या पैशातून आधी थेट बँकेला चेक, उरलेले त्याला.

करारावर दोन्ही भावांच्या सह्या घ्या, सातव्या महिन्यात धाकटा उभा राहायला नको. साठ महिन्यांचा करार, दरवर्षीची वाढ आत्ताच लिहून. व्यापारी मीटर करून देणं घरमालकाकडे. आणि लोकमत किंवा तरुण भारतात जाहीर नोटीस द्या, हरकतीसाठी पंधरा दिवस. हजार-दोन हजार जातात, पण ज्यांचं त्याच्याकडे येणं आहे त्यांच्यापैकी कोणी झोपलेला असेल तर जागा होतो. तोवर बयाना पंचवीस हजारांच्या वर नको, तोही चेकनं.

मस्कासाथ · २४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

आणि उधारीच्या वहीला हात लावू नको बा. तो म्हणीन, "दीड लाख येणं आहे, सत्तर हजारात घ्या." त्यातले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी म्हणतीन, आम्ही तं काकाला देऊन टाकले.

रिंगरोड_वाला · २४ नोव्हेंबर, दुपारी १:२५

काकाजी, कालच म्हणाला. ऐंशी हजारात!

रिंगरोड_वाला · ११ जानेवारी, रात्री ११:४५

खूप दिवसांनी आलो. काही जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहितो.

दुकान घेतलं. सहा लाख दहा हजारात. माल दोन नव्वद, काउंटर-रॅक-आपला एक फ्रीज-कॉम्प्युटर-काटा मिळून एक सत्तर, गुडविल दीड. गुडविलमधले पंच्याहत्तर हजार माझ्याकडे रोखून ठेवलेत, सहा महिन्यांनी द्यायचे, मधे जुनी नोटीस किंवा बाकी निघाली तर त्यातून कापून. तो आधी दोन दिवस बोलला नाही. मग तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला, "भाऊ, या." दुसरी पार्टी शेवटपर्यंत दिसली नाही.

बँकेचं कर्ज २०२२ लाच फिटलेलं होतं, पाटी पुसायची राहिली होती. नो ड्यूजला मात्र बारा दिवस लागले. किराया साडेअठरावर तुटला, दरवर्षी पाच टक्के वाढ, साठ महिने, दोन्ही भावांच्या सह्या. मीटर व्यापारी झालं, लाइटबिल चढलं. नोटिशीला एकच हरकत आली, एका पापडवाल्या बाईंची, चार हजार दोनशे रुपये. माझ्यासमोर दिले त्यानं.

मेस पहिल्याच दिवशी गेली. काउंटर बारा हजार आठशेवर आहे. पोऱ्या ठेवला नाही. सकाळ मी, दुपार बायको, संध्याकाळी दोघं. डिसेंबरात खर्च जाऊन एकवीस हजार हातात राहिले. नोकरीत सत्तावीस होते.

दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. एक, जुना क्यूआर काउंटरच्या काचेखाली चिकटलेला राहिला आणि पहिले तीन दिवस निम्मे पैसे त्याच्याच खात्यात जात होते. साउंडबॉक्स बोलायचा नाही, मला वाटायचं नेट नाही. त्यानं परत दिले सगळे, पण हिशोबाला एक रात्र गेली. दुसरी, गिऱ्हाइकं नाव विचारत नाहीत, "ते काका कुठे गेले" एवढंच विचारतात. दिवसातून तीस वेळा पुणे सांगतो.

दुकानदारीण · १२ जानेवारी, दुपारी २:४०

सत्तावीसचे एकवीस, तेही दोघांच्या मेहनतीचे. मी असते तर अजून थांबले असते, स्पष्टच सांगते. पण भाव चांगला पाडलात. आता संध्याकाळी गरम पोहे-समोसे ठेवायचा मोह होईल, सहा महिने ठेवू नका. आधी मे निघू द्या.

मोरभवन · १२ जानेवारी, संध्याकाळी ८:०५

काट्याचं मुद्रांकन (वजनमाप खात्याची तपासणी आणि शिक्का) केलं का? इलेक्ट्रॉनिक काट्याचं दर बारा महिन्यांनी लागतं.

रिंगरोड_वाला · १२ जानेवारी, रात्री १०:५०

आत्ता उलटा करून बघितला. सप्टेंबर २०२४ चं आहे. उद्या सकाळी दूध उतरलं की जातो.